नावं सुरू होण्याआधी

आमच्या घरात टीव्ही कुणीही लावावा, पण शेवटचा भाग असेल तर तो बंद करण्याचा हक्क एकटीचा. माझ्या बायकोचा. रोजच्या बातम्या, सामने, गाण्यांचे कार्यक्रम यांचं तिला सोयरसुतक नसतं. पण एखाद्या मालिकेचा सीझन संपत आला की रिमोट तिच्या उजव्या हातात, अंगठा लाल बटणावर, आणि आम्ही बाकीचे मूग गिळून बसलेले. गोष्ट संपते, पडदा काळा होतो, संगीत चढायला लागतं आणि नावं सुरू होण्याआधी, टक्! टीव्ही बंद. मग त्या काळ्या काचेसमोर आम्ही चिडीचूप बसून राहायचं.

"शेवटचं चित्र डोळ्यांत मुरू द्यायचं असतं," ती म्हणते. "चांगलंचुंगलं खाल्ल्या खाल्ल्या लगेच चूळ भरतं का कुणी?"

सगळेच भरतात, असं मी एकदा म्हणालो होतो. पुन्हा नाही म्हणालो.

शांतता पुरेशी झाली असं तिला वाटलं की ती निकाल देते. पास किंवा नापास. मधलं काही नाही. पास झालेले शेवटचे भाग हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या एकाबद्दल ती अजूनही कुरकुरते.

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. अख्खा गाव तिला बाई म्हणतो, मी पाठीमागे मास्तरीणबाई म्हणतो. तिचं म्हणणं असं, की गाडी पळवायला कुणीही पळवेल, थांबवता आली पाहिजे. थांबताना अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक किंचित सैल सोडायचा, म्हणजे मान पुढे जात नाही. शेजारी बसलेल्याला झटका कळता कामा नये, त्याला फक्त आपण पोचलो एवढं कळावं. मालिकांनाही ती हाच नियम लावते. काही लोक करकचून ब्रेक दाबतात आणि शेवटच्या भागात सगळ्यांना मारून टाकतात. काहींचं पेट्रोल संपतं, ते ढकलत ढकलत कडेला लागतात. आणि काही तर सरळ घरासमोरून गाडी पुढे नेतात, का, तर पुढचा सीझन विकायचाय. "उतरायचं होतं ना मला इथे!" असं ओरडून तिने एकदा टीव्हीवर उशी फेकली होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तिचे दोन्ही पाय कायम त्याच्या आसपास. शिकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे गाडी थांबवताना प्रत्येक जण चोरून तिच्या पायांकडे बघतो. बाई दाबतायत का? दाबला तर समजायचं, आपलं चुकलं. तोंडाने ती कधी शाबासकी देत नाही. पण एखादा तयार झाला असं तिला वाटलं, की ती पाय उचलते आणि सीटवर मांडी घालून बसते. बस्स. एवढ्यावर लोक घरी जाऊन पेढे वाटल्यासारखे मिरवतात. आमची लेक तिच्याकडेच गाडी शिकली. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ तिला लागला, कारण स्वतःच्या पोरीसाठी मांडी घालायला आमच्या मास्तरीणबाईंना जड जात होतं.

घरात टीव्ही बघतानाही तिचे पाय जमिनीवर टेकलेले असतात. गोष्ट वाकड्यात शिरली की उजवा पाय सतरंजीवर रुतलाच म्हणून समजा.

मी नळदुरुस्ती करतो. गळती कुठे आहे ते शोधायचं आणि बंद करायची, हा माझा धंदा. बायकोच्या मते घरातली सगळ्यात वाईट गळती म्हणजे न बघितलेल्या भागात काय होतं ते कुणी सांगणं. त्यासाठी तिचे कायदे आहेत. शेवटचा भाग शुक्रवारी दाखवतात, पण आम्ही तो रविवारी सकाळी बघतो, आंघोळी उरकून, पडदे ओढून, फोन पावाच्या डब्यात बंद करून. घाईघाईत, पेंगुळलेल्या डोळ्यांनी बघायची ती चीज नाही, असं तिचं मत. शुक्रवार ते रविवार शिकवणीच्या गाडीत पाटी लागते : 'मालिकेबद्दल बोलल्यास गाडी बाजूला घेतली जाईल.' बँकेतला एक कारकून मोठ्या उत्साहाने "बाई, काल त्या बोटीचं—" एवढंच म्हणाला, तर तिने तिचा ब्रेक दाबला. गाडी थांबली, मागची थांबली, त्याच्या मागची थांबली. कारकून उतरून चालत घरी गेला.

ती बोट म्हणजे 'दोन धक्के' या मालिकेतली. नदीच्या दोन काठांवर दोन बहिणी, मधे एक फेरीबोट. धाकटी बोट चालवते. थोरली एका भांडणानंतर पलीकडे राहायला गेली ती परत बोटीत बसलीच नाही. धाकटी रोज पलीकडच्या धक्क्याला बोट लावते, माणसं उतरतात, माणसं चढतात, थोरली काही येत नाही. एवढंच. पण बायकोचा त्या मालिकेवर इतका जीव, की बोटीवरच्या खलाशाचं लग्न मोडलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. आता शेवटचा सीझन संपत आला होता. पुढे काही नाही. थोरली येणार की नाही, ते या एका भागात ठरायचं होतं.

आमची लेक दुसऱ्या शहरात मालिकांच्या संकलनाचं काम करते. चित्रीकरणाचा भलामोठा ढीग समोर असतो. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठे कापायचं, हे तिचं काम. तिने ही नोकरी धरली तेव्हा तिच्या आईने तिला उंबरठ्यावर उभं करून शपथ घातली होती. "माझी मालिका कधी तुझ्या हातात आली, तर मला अवाक्षर कळता कामा नये. काम करतेस हेसुद्धा नाही. तुझ्या चेहऱ्यावरनं मला शेवट कळेल."

बरीच वर्षं लेक एका ज्येष्ठ संकलकाच्या हाताखाली होती. गेल्या काही महिन्यांत तिचे फोन तोकडे झाले. काय चाललंय? काम. कसलं काम? काम गं. बायको फोन ठेवून माझ्याकडे बघायची.

"पोरगी काहीतरी लपवतेय. नोकरी गेली असणार."

"नोकरी गेलेली माणसं दमलेली नसतात," मी म्हणायचो.

"तुम्हाला काय कळतंय माणसांमधलं, तुम्ही पाइपांत डोकं घालून बसणारे."

मग एके दिवशी लेकीने मलाच बोलावलं. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी बेसिनखालच्या कपाटात डोकं घालून, पाना लावून आडवा झालो होतो. तेवढ्यात ती माझ्या पायांपाशी येऊन बसली.

"बाबा, बाहेर येऊ नका. असंच ऐका."

"काय केलंस?"

"'दोन धक्के'चा शेवटचा भाग मी कापलाय. हाताखाली नाही. मी. सर म्हणाले, ही बोट मी लावली तर आपटेल, तू लाव."

मी उठायला गेलो आणि पाइपवर कपाळ आपटलं. पाणी माझ्या डोळ्यांत गेलं, निदान मी तिला तसं सांगितलं. माझी पोरगी. जिच्या खेळण्यातल्या गाड्या सोफ्याखाली जाऊन अडकायच्या, तिने अख्ख्या देशाची बोट धक्क्याला लावली होती. छाती इतकी फुगली की त्या कपाटात मावेना.

"आईला सांगूया!"

"शपथ विसरलात? आणि शपथ नसती तरी सांगितलं नसतं. माहीत असलं तर ती आई म्हणून बघेल. मला तिचा निकाल हवाय. कंपनीत सगळे वा वा म्हणाले हो, पण वा वा म्हणायचा पगारच मिळतो त्यांना."

"नापास म्हणाली तर?"

"तर नापास. तिने कुठे कुणाला फुकट पास केलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पास म्हणो की नापास, लेकीचं नाव यायच्या आत बायको टीव्ही बंद करणार. पोरीचं नाव पहिल्यांदा एवढ्या मोठ्या मालिकेत स्वतंत्र येणार, सगळा देश ते बघणार, आणि तिची आईच ते स्वतःच्या अंगठ्याने विझवणार. मी तसं म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली.

"मी बघतो काय करायचं ते."

"बाबा, तुम्ही कृपा करा आणि काहीही करू नका."

असं सांगून ऐकणारा बाप मी नव्हे.

रविवारी सकाळी लेक पहिल्या गाडीने आली. बायकोने तिला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाळलीयेस. कामावर जातेस ना?"

"जाते गं."

"आणि मालिकेबद्दल कुठे काही ऐकलं असशील तर—"

"आई, अवाक्षर नाही."

बायको आंघोळीला गेल्यावर मी माझा बेत पार पाडला. रिमोटमधले चांगले सेल काढले आणि माझ्या विजेरीतले मेलेले घातले. चांगल्या सेलनी टीव्ही आधीच लावून तयार ठेवला. आता दाब म्हणावं बटण. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी पडदेसुद्धा ओढले.

पण पस्तीस वर्षं संसार करून मी एक साधी गोष्ट विसरलो. ही बाई आरसे, ब्रेक आणि दिवे तपासल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. ती सोफ्यावर बसली, रिमोट उचलला, टीव्ही बंद करून बघितला. होईना. पुन्हा दाबलं. मग पर्समधून नव्या सेलांचं पाकीट काढलं. पर्समधून! "शेवटच्या भागाला सेल गेले तर? म्हणून कालच आणले," ती म्हणाली आणि मेलेले सेल माझ्या हातात ठेवले. "हे तुमच्या विजेरीतले दिसतायत."

लेकीने ओठ चावून खिडकीकडे तोंड फिरवलं. मी ठरवलं, वेळ आलीच तर कायदा मोडायचा, सरळ ओरडायचं, हात धरायचा, मग घराबाहेर झोपावं लागलं तरी चालेल. बायको सोफ्यावर, मी शेजारी, लेक खाली सतरंजीवर, आईच्या बाजूला. भाग सुरू झाला.

मी तो भाग इथे सांगणार नाही. तुम्ही बघितला नसेल तर माझी बायको मला सोडणार नाही. नदीला पाणी चढलेलं असतं आणि धाकटी शेवटची फेरी मारायला निघते, एवढंच सांगतो, ते तर जाहिरातीतही होतं. दोन वेळा मला वाटलं, आता गोष्ट घसरणार. दोन्ही वेळा मी बायकोच्या पायाकडे बघितलं. पाय ताठ झाला, पण रुतला नाही. मधे एकदा खलाशी हसला तेव्हा बायको रडली. खुर्च्या, भिंती, घड्याळ, सगळं विसरून मी पलीकडच्या काठाकडे बघत होतो. ओरडायचं ठरवलेलं साफ विसरलो.

बोट पलीकडच्या धक्क्याकडे येते. धाकटी इंजिन बंद करते. इतके सीझन त्या इंजिनाची घरघर आमच्या कानात होती, ती थांबली आणि पाण्याचा आवाज तेवढा उरला. बोट आपली आपण सरकत येते. खलाशी दोर फेकतो. धक्क्यावरून एक हात तो झेलतो. कुणाचा हात ते मी सांगत नाही. बोट लाकडाला टेकते. काही आपटत नाही. आणि कॅमेरा तिथेच थांबतो, त्या दोरावर, दोराखालच्या पाण्यावर.

मला एकदम आठवलं. मी बायकोच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा बटणावर तयार होता. पडदा काळा झाला की दाबायचं, संगीत चढलं की दाबायचं, वर्षानुवर्षांची सवय. पण पडदा काळा होईना. संगीत येईना. पाणी हलत होतं, दोर ताणत होता, सैल होत होता. शेवटचं चित्र संपत नव्हतं. जे चित्र आम्ही दर वेळी टीव्ही बंद करून डोळ्यांत धरून बसायचो, ते या वेळी टीव्हीच आमच्यासाठी धरून बसला होता.

बायकोचा अंगठा अधांतरी राहिला. तिची मान कलली. रस्त्यावर एखादी गाडी सुरेख थांबली की ती अशीच मान कलती करून बघते, कोण चालवतंय म्हणून.

"हे कुणी थांबवलंय?" ती पुटपुटली.

शेवटच्या भागात ती बोलली! हा कायदा तिचा, आणि मोडला तिनेच. मी चकित होऊन तिच्याकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. खाली बघत होती, लेकीकडे. आणि लेक तर टीव्हीकडे मुळीच बघत नव्हती. श्वास धरून, चोरून, ती आईच्या पायांकडे बघत होती.

ती नजर माझ्या बायकोला पाठ आहे. गाडी थांबवताना शिकणारा माणूस सोडून दुसरं कुणी तिच्या पायांकडे तसं बघत नाही. दोघींची नजरानजर झाली आणि लेकीचा चेहरा लहानपणी काच फुटल्यावर व्हायचा तसा झाला. तिने तोंडातून शब्द काढला नाही. शपथ होती ना.

बायकोने आधी उजवा पाय उचलला, मग डावा. सावकाश. आणि सोफ्यावर मांडी घालून बसली.

लेकीने सतरंजीत तोंड खुपसलं. मी तर उघड उघड रडत होतो, लाजायचं काय त्यात?

तेवढ्यात पाण्यावर अक्षरं उमटायला लागली. पडदा काळा न होताच, त्या हलत्या पाण्यावर, बारीक पांढरी नावं. बटण दाबायला पोरीने जागाच ठेवली नव्हती. बायकोने रिमोट माझ्या मांडीवर टाकला आणि पर्समधून चष्मा काढला. लेखन गेलं, छायाचित्रण गेलं, मग संकलन आलं. त्यापुढे एकच नाव होतं, आणि ते नाव आम्ही दोघांनी ठेवलेलं होतं.

ती ते मोठ्याने वाचू लागली, पण अर्ध्यावर तिचा आवाज बसला. उरलेलं मी वाचलं.

नावं संपेपर्यंत कुणी हललं नाही. नौका पुरवणाऱ्याचं नाव आलं, चहा देणाऱ्याचं आलं, सगळी तिने वाचली. मग पडदा आपला आपण काळा झाला आणि आमच्या घरातली ती नेहमीची शांतता पसरली. लेकीने मान वर केली.

"आई, निकाल?"

"मांडी दिसत नाही का तुला?" बायको खेकसली. नाक ओढलं, चष्मा पुसला. "किती भांडलीस त्यांच्याशी? एवढं लांब चित्र ठेवायला?"

"खूप. म्हणाले, लोकांना वाटेल टीव्ही अडकला. मी म्हटलं, वाटू दे. एक बाई आहे, तिचा अंगठा मला ठाऊक आहे. ती थांबली तर सगळे थांबतील."

"मग मेलेले सेल कशाला घातले यांनी?"

"बाबांना वाटलं, माझं काम पुरणार नाही."

नळ दुरुस्त करायचा सोडून मी बादली लावायला निघालो होतो.

बायकोने माझ्या मांडीवरून रिमोट घेतला आणि लेकीच्या हातात दिला. "मागे घे. ते नाव फार भरकन गेलं."

त्या दिवशी ते नाव किती वेळा मागे-पुढे झालं याची मोजदाद नाही. जेवण राहिलं, फोन पावाच्या डब्यात वाजत राहिले.

सोमवारी बायकोची गाडी बिघडल्याचा निरोप आला म्हणून मी चौकात गेलो. गाडी धडधाकट होती. रस्त्याच्या कडेला उभी होती, आतली पाटी काढलेली होती, आणि स्टिअरिंगवर तोच बँकेतला कारकून घाम पुसत बसला होता. गाडी तिनेच बाजूला घ्यायला लावली होती. मला बघून ती म्हणाली, "निरोप मीच धाडला. तुम्ही साक्ष द्या." मग त्याच्याकडे वळली.

"पाहिलात ना शेवटचा भाग? नावं वाचलीत?"

"नाही बाई. नावं कोण वाचतं?"

"घरी जा आणि पुन्हा लावा," ती म्हणाली. "शेवटचं नाव जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यात आमची मुलगी आहे."